जोडवी काढलेली बाई

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती रोज भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. पन्नाशीची बाई, पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला, कारण ब्लड प्रेशरच्या गोळ्यांनी तिचे पाय टम्म सुजले होते. लिफ्ट येईपर्यंत एक पाय चपलेतून काढून ती गार फरशीवर टेकवायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माझ्या शेजारणीकडे आली. चपला दाराबाहेर राहिल्या आणि तिच्या पायांत जोडवी नाहीत, हे सगळ्यांना दिसलं. शेजारणीचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

"लावा हो," ती म्हणाली. "नवरा तिकडे रुवैसला तेलाच्या प्लांटवर ड्यूटीला आहे, ठणठणीत आहे. गोळीनं बोटं सुजली म्हणून काढलीत."

"मग गोळीच बंद करा ना!" कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे जोडवी राहतील आणि मी जाईन!"

तिनं गोळी बंद केली नाही. डॉक्टरांना पाय दाखवले, त्यांनी गोळी बदलून दिली आणि हळूहळू सूज उतरली. आता ती स्वतःच्या मापाच्या चपला घालू लागली, बोटं मात्र मोकळीच.

"जोडवी आता बसतील की," मी म्हटलं.

"बसतात. घालून बघितली." ती हसली. "पण हे दर सुट्टीला घरी येतात. अख्ख्या बिल्डिंगला दिसलं, ह्यांना अजून पत्ता नाही. ज्या दिवशी विचारतील, त्या दिवशी घालीन."

पुढची संक्रांत आली. लिफ्टमध्ये माझी नजर आपसूक तिच्या पायांकडे गेली. बोटं मोकळीच होती.