चालतं, बाय

वॉर्डमध्ये मी दुपारची औषधं वाटत होते तेव्हा फोन आला. कुट्टीचा. सलमाबादच्या गॅरेजमध्ये काम करणारा, दाऊदभाईंच्या खोलीतला त्यांचा जोडीदार. "सिस्टर, दाऊदभाई खलास," एवढंच तो म्हणाला. माझी गाडी आदल्या दिवसापासून त्यांच्याकडे रेडिएटरच्या कामाला पडलेली होती, आणि बहारीनमध्ये खलास म्हणजे काम झालं, या आणि घेऊन जा. मी म्हटलं, "अच्छा, ड्यूटी सुटली की येते." मग तो हळूच म्हणाला, "गाड़ी नहीं, सिस्टर... आदमी." मरणाची बातमी सांगायची कशी हे आम्हा नर्सना शिकवतात. ऐकायची कशी हे कुणी शिकवत नाही.

दाऊदभाई दाभोळच्या खाडीकाठचे, मी वसईची. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन मी हमद टाउनमध्ये राहायला गेले तेव्हा एक जुनी गाडी घेतली होती, आणि ती पहिल्याच आठवड्यात गोल चौकाच्या मधोमध बंद पडली. कुणीतरी फोन करून मेकॅनिक बोलावला. बॉनेटमध्ये डोकं घातलेला तो पांढऱ्या दाढीचा माणूस पाहून मी मुलीला म्हटलं, "आता हा आपल्याला लुटणार बघ." बॉनेटमधून आवाज आला, "नाय लुटणार, बाय. जरा बाजूस व्हा, उजेड अडतोय." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ते मात्र पुढची सगळी वर्षं ही गोष्ट भेटेल त्याला सांगत राहिले, आणि दर वेळी माझ्या तोंडी आणखी एक शिवी घालत राहिले.

त्यांचा एक लाडका शब्द होता, "चालतं". चहात साखर कमी झाली, चालतं. पगार उशिरा झाला, चालतं. रिया, माझी मुलगी, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची, त्यावरून मी कुरकुर करायचे. तेही त्यांना चालायचं. "समजतंय ना तिला? मग झालं," म्हणायचे. मी जात्याच भांडकुदळ, मला कधीच काही चालत नाही, त्यामुळे आमचं छान जमलं.

एकच गोष्ट त्यांना चालत नव्हती, पण ती ते बोलत नसत. त्यांची बायको जुबेदा गावी होती. लग्नाला अख्खं आयुष्य झालेलं, पण संसार सगळा रजेतला. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार त्यांना कधी मिळालाच नाही. व्हिजिट व्हिसावर बोलवावं, तर ठेवणार कुठे? लेबर कॅम्पच्या खोलीत एकावर एक पलंग, खाली दाऊदभाई, वर कुट्टी. नईमच्या वस्तीत एखादी खोली भाड्याने घ्यायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी गावाकडे काहीतरी निघायचं... मुलीचं लग्न, घराचं छप्पर. रिटायर होऊन गावी जायचं म्हणावं, तर गावाकडची चूल यांच्याच पगारावर पेटत होती. एकदा सहज बोलून गेले, "जुबेदाच्या हातचा चहा मी कायम पाव्हण्यासारखा पिलाय, बाय." नंतर लगेच पाना शोधायला आत गेले.

मग गॅरेजच्या मागे एक छोटी बस येऊन पडली. मजुरांची ने-आण करून थकलेली, मालकाला नकोशी झालेली. मालक म्हणाला, वापर तुला हवी तशी, कागद माझ्याच नावावर राहू देत. बस्स, त्या दिवसापासून दाऊदभाई माणसातून उठले. ड्यूटी संपली की बसमध्ये. सीटा काढल्या, फळ्यांचा पलंग केला, एका बंद पडलेल्या हॉटेलचं सिंक आणून बसवलं, शेगडीसाठी ओटा केला. हिवाळ्यात इथली माणसं सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. त्या सीझनला जुबेदाला बोलवायचं आणि दोघांनी त्या बसमध्ये राहायचं, असा बेत होता. रिया म्हणाली, "इट्स अ मोटरहोम, अंकल." त्यांनी मला विचारलं, मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं, चालतं घर. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "माजाच शब्द लावलास," म्हणाले.

आता डिझेलचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडलं. मासेमारीच्या बोटींना इथे स्वस्तात डिझेल मिळतं. ते समुद्रावर जाळायचं, जमिनीवर नाही. दाऊदभाई शुक्रवारी मुहर्रकच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करून द्यायचे, आणि बोटवाले मजुरी म्हणून कॅन भरून तेल द्यायचे. डिझेलला ते तेलच म्हणत. बसच्या मागच्या बाजूला त्या कॅनची रांग मी पाहिली, प्रत्येकावर बोटीचा नंबर रंगवलेला. मी विचारलं, "दाऊदभाई, हे चालतं का?"

"चालतं म्हंजे? पळतंय," ते म्हणाले. "बोटीचं इंजिन नि बसचं इंजिन, एकाच आईची पोरं."

"मी इंजिनाचं नाही विचारत."

"चोरलंय काय मी? माझ्या मेहनतीचं तेल हाय. हलाल. नि गाडी उभी असली की ती घर. घरात काय जाळायचं ते घरवाला ठरवणार."

मी विचारत होते एक आणि ते सांगत होते दुसरंच. आपल्या भाषेची खोड अशी की दोन्हींना शब्द एकच. नंतर मी पुन्हा दोनदा विषय काढला, तर म्हणाले, तू नर्स हायस का हवालदार?

ऑक्टोबरच्या सुमारास गावाहून कुणीतरी पडदे घेऊन आलं. दाऊदभाईंनी फोनवर खिडक्यांची मापं सांगितली होती आणि जुबेदाने मशीनवर शिवले होते... फिकट हिरवे, बारीक पांढरी फुलं, वर नाडी ओवायला नेफा. गॅरेजच्या धुळीत खराब होतील म्हणून ते माझ्या कपाटात ठेवले. जुबेदा यायच्या दिवशी लावायचे होते. तिच्या व्हिसाचे कागद तयार होते.

ती यायच्या आधी एका शुक्रवारी गाडीची परीक्षा म्हणून ते मला आणि रियाला सखीरपर्यंत घेऊन निघाले. नवा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. मी त्यांना नवरदेव म्हणून चिडवत होते. वाटेत तपासणीला गाड्या थांबवत होते, आमचीही थांबवली. अधिकारी सभ्य होता. त्याने आत डोकावून पाहिलं, सिंक पाहून हसलासुद्धा. मग त्याला कॅन दिसले. त्याने अरबीत काही विचारलं आणि त्याच्याबरोबरच्या माणसाने ते हिंदीत आणलं, "ये बोटवाला डीज़ल इसमें चलता है?"

मी त्यांची बाही ओढली. पण प्रश्न मेकॅनिकला विचारला होता, आणि आयुष्यभरात त्यांना कुणा गणवेशातल्या माणसाने इंजिनाबद्दल काही विचारलं नव्हतं. ताठ होऊन म्हणाले, "चलता है, साब. एकदम मस्त चलता है. महीनों से चला रहा हूँ, इंजन को कुछ नहीं होता."

त्याने ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. दाऊदभाई अजून हसतच होते.

बस जप्त झाली. कागद मालकाच्या नावावर, म्हणून दंडही त्याच्या नावावर. त्याने तो भरला आणि बस सोडवायला मात्र नकार दिला. "बस मफी, दाऊद," म्हणाला. मफी म्हणजे नाही, संपलं. मी जप्तीच्या ऑफिसात जाऊन इंग्रजीत बोलून पाहिलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की ज्याची गाडी त्याने यावं. ज्याची गाडी होती तो माझ्या शेजारी उभा होता, पण कागदावर तो नव्हता. त्यानंतर ते शुक्रवारी धक्क्यावर जाईनासे झाले. जप्त गाड्यांच्या आवाराबाहेर जाऊन जाळीतून बस बघत उभे राहायचे. एके शुक्रवारी गेले तर जागा रिकामी होती. कुणी लिलावात घेतली की भंगारात गेली, कुणाला सांगता आलं नाही.

जुबेदाला ते म्हणाले, पुढच्या सीझनला. मी पडदे परत नेता का विचारलं, तर म्हणाले, असू दे तुझ्याकडेच. त्या हिवाळ्यात त्यांचा चेहरा मला आवडत नव्हता. जिना चढताना थांबायचे, डाव्या खांद्याला हात लावायचे. मी रागावले, ईसीजी काढायला या म्हटलं, माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं. "चालतं, बाय," म्हणाले. ह्या वेळी त्या शब्दाचा कुठला अर्थ होता, मला माहीत नाही.

दफन इथेच झालं. मी कबरस्तानच्या फाटकाबाहेर थांबले. आत कुट्टीने व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता, म्हणजे जुबेदाने बहारीन पाहिलं ते असं. संध्याकाळी कुट्टीने माझी गाडी आणून दिली. रेडिएटरचं काम त्यांनी गेले त्या दिवशी सकाळीच पुरं केलं होतं. गाडीही खलास, दोन्ही अर्थ एकाच दिवशी.

कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. ते तेल मासेमारांचं होतं. दाऊदभाई चुकले असंही माझ्याने म्हणवत नाही. लोक म्हणतात, सुटले बिचारे. कशातून सुटले? ज्या एका गोष्टीसाठी माणूस इतकी वर्षं झिजला ती झाली नाही, आणि आता होणारही नाही. ह्यातून काही शिकायचं असेल तर मला ते सापडलेलं नाही.

परवा जुबेदाचा फोन आला. रडली नाही. गावच्या पाण्याचं बोलली, नातवाच्या शाळेचं बोलली. मग म्हणाली, "बाय, ते पडदे हायत काय तुमच्याकडं?" मी म्हटलं, आहेत, कुणी गावी जाणारं मिळालं की पाठवते. "नको, इथं आणून काय करू? तुमच्या घरात लावा. तुमच्या खिडकीस चालतील काय?"

फोन खांद्याशी धरून मी कपाट उघडलं, एक पडदा काढला आणि हॉलच्या खिडकीवर धरून पाहिला. बसच्या खिडकीचा तो. निम्म्यावरच संपला. खालून हमद टाउनचं ऊन सरळ आत येत होतं.

"चालतात," मी म्हटलं.