आधी पाळीवर माती

दसारामकाका माझ्या नात्यातले नव्हते, तरी माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार त्यांचेच. सौंदडजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी शेताशेतांत वाटायचं आणि तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, राखायची, हे त्यांचं काम. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, ममताताईचा फोन आला. "बाबा गेले रे..." एवढंच बोलली. मी पुण्यात ऑफिसात होतो. रडू येण्याआधी मला भीती वाटली. चुकलो तर माझ्यावर ओरडणारं आता कोणी उरलं नाही, याची.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी गणितात नापास झालो होतो. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हेही माहीत नव्हतं. बॅग घेऊन गावी आलो आणि परत जायचं नाव काढेना. पाणी सोडायच्या दाराशेजारी पाळ झिरपत होती, तिच्या दुरुस्तीला काकांनी मला सोबत घेतलं. झिरपती जागा खणून चिकणमातीने पुन्हा भरायची होती, पण आठ दिवस आम्ही नुसती माती आणून पाळीवर टाकत होतो. नवव्या दिवशी कंटाळून मी झिरपत्या जागी कुदळ मारली.

"थांब!" काका धावत आले. "कायले मारून राहिला? माती पुरली नाही त पाणी थांबन का तुह्यासाठी? आन म्हणे इंजिनेर होऊन राहिला!"

मी हसलो. त्यांनी कुदळ माझ्या हातातून काढून घेतली, ती दिवसभर परत दिली नाही.

त्या दुपारी त्यांनी सांगितलं. तरुणपणी अशीच पाळ उघडली आणि अर्ध्यात माती संपली. पाळ फुटली, खालच्या शेतांतला धान वाहून गेला. खेकड्यांनी पाळ पोखरली, असं त्यांनी गावाला सांगितलं. "तुलेच सांगून राहिलो," म्हणाले. मग आणखी चार दिवस माती आणली, तेव्हा कुठे पाळ उघडली. काम झाल्यावर उरलेली माती त्यांनी तिथेच ठेवली आणि मला सौंदडला गाडीत बसवून दिलं. "पेपर उघडाच्या आंधी माती जमा करजो."

आता मी जलाशयातल्या पाण्याची पातळी मोजून इशारा देणाऱ्या यंत्रांसाठी काम करतो. त्यांच्या आत कर्नल असतं, म्हणजे यंत्राची मेमरी आणि कामं वाटून देणारा मूळ प्रोग्राम. ते आपल्या नोंदी झाडासारख्या फांद्यांत ठेवतं. एक फांदी भरली की तिच्या दोन कराव्या लागतात, आणि नव्या फांदीसाठी मेमरी मागावी लागते. तो भाग मी लिहिला होता. मी आधी फांदी मोडत होतो, अर्ध्या नोंदी सोडवत होतो आणि मग मेमरी मागत होतो. एरवी ती मिळायची. यंदा भर पावसात एका ठिकाणी मिळाली नाही. अर्ध्या नोंदी तुटून राहिल्या आणि यंत्र गप्प झालं. पाणी चढतच होतं. तिथल्या चौकीदाराने डोळ्यांनी पाहून फोन केला, म्हणून खालची वस्ती वेळेत हलली.

ऑफिसात सगळे म्हणाले, यंत्रात ओल शिरली असेल. मीही मान हलवली. नंतर मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी वाचल्या आणि चूक तिथेच सापडली. तसलीच यंत्रं आणखी कितीतरी जलाशयांवर होती, पाऊस चालू होता आणि खरं कारण फक्त मला माहीत होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही. कोणाचाही फोन वाजला की वाटायचं, आता कुठली वस्ती...

तिसऱ्या दिवशी काकांना फोन केला. ते तेव्हा आजारी, खाटेवरच होते. मी सगळं सांगितलं.

"कोनाकोनाले मालूम आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"मी त चाललो आता. मंग तू एकटाच राहशील. तुले सांगेपर्यंत मी एकटाच होतो... लय भेव लागते रे. जा, साहेबाले सांग."

"साहेब नाही, मॅडम आहेत."

"मंग मॅडमले सांग! टाइम कायले लावून राहिला? आन खेकड्याचं नाव नोको घेऊ."

मी गेलो. पुढचं सगळं त्यांना पत्रात लिहिलं, कारण तोवर त्यांना फोनवर नीट ऐकू येईनासं झालं होतं. ममताताईने ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी गावातल्या चार म्हाताऱ्यांना खाटेजवळ बोलावलं आणि खेकड्यांचं खोटं सांगून टाकलं. "आमाले मालूमच होतं ना बे," एकजण म्हणाला म्हणे. काका खूप हसले... आठवड्याने गेले. मी येईपर्यंत थांबले नाहीत. पाळीवर त्यांचा मातीचा ढीग अजून आहे, गवत उगवलेला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं पत्र ताईने मला परत दिलं.

"काका, साष्टांग नमस्कार. मॅडमना सांगितलं. त्या खूप रागावल्या, मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आता फांदीला हात लावायच्या आधीच लागेल तेवढी मेमरी मागून घेतो. मिळाली नाही तर काही न मोडता परत फिरतो. उरली तर परत करतो, तुमच्यासारखी पाळीवर ठेवता येत नाही. मग चाचणीत प्रत्येक पायरीवर मेमरी मुद्दाम नाकारून पाहिली. झाड शाबूत राहिलं. दुरुस्ती सगळ्या यंत्रांत पोचली. भीती मात्र गेली नाही. दुरुस्ती पाठवताना, तुम्ही म्हणालात तसं, लय भेव लागलं. पण कोणीतरी शेजारी होतं. काका, तुम्हालाही गावाला सांगावंसं वाटलं, तर ताईला फोन करायला सांगा. तुमच्या शेजारी बसायला मी येतो."