पोरी बठ्ठ्या गयात : चरणमाळ घाटातली माझी शर्यत

गेल्या वर्षी या शर्यतीतून मी गाडीत बसून परत आले होते. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मागून येणाऱ्या पिकअपमध्ये मला सायकलसकट चढवलं. त्यामुळे या वर्षी नाव नोंदवताना डोक्यात नंबर वगैरे नव्हता. शेवटच्या रेषेवरून चाक न्यायचं आणि गाडीत बसायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

त्याला कारणही होतं. रावेरजवळच्या आमच्या गावात मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात आणि दहावी झाली की त्या सायकली गोठ्यात जातात. मी घरातली पहिली पदवीधर. आता केळीच्या पॅकिंग सेंटरमध्ये नोंदी ठेवण्याचं काम करते आणि रोज सकाळी कामाआधी सहा मुलींना घेऊन सायकलवर निघते. दहावीनंतरही पाय चालू राहावेत, बाकी काही नाही. गेल्या वर्षी मी परत आल्यावर त्यातल्याच एकीची आई, आमच्या गल्लीतल्या मंगलाकाकू, नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांची ताईच गाडीत बसून आली, अन् ही पोरीईले काय शिकवन?" दुसऱ्या दिवशी सहापैकी दोघीच आल्या. बाकीच्या चौघींना परत आणायला मला दिवाळी उजाडली.

आमच्यापासून पिंपळनेर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने जायचं तर जळगाव, धुळे आणि साक्री अशा गाड्या बदलाव्या लागतात, आणि सायकल घेऊन ते जमत नाही. आमच्या शेजारचे रघुनाना केळी घेऊन धुळ्याला जाणारच होते. त्यांच्या पिकअपमध्ये घडांच्या मागे केळीची पानं अंथरून सायकल आडवी ठेवली. पानांची गादी थर्माकोलपेक्षा चांगली, एक ओरखडा आला नाही. ज्यांना सायकल लांब न्यायची आहे त्यांनी हे नक्की करून बघावं. पानं फुकट असतात, आणि पोचल्यावर तिथल्या गायी खूश होतात.

सकाळी सातला निघालो. सावदा, फैजपूर, भुसावळ करत जळगाव ओलांडलं. जळगाव ते धुळे रस्ता आता रुंद आणि छान आहे, फक्त पुलाखालची वळणं नीट बघून घ्यावीत. नाना दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा बोर्ड लावणाऱ्याला बोलले. पारोळ्याला बाजाराचा दिवस असावा, कारण बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या मधून आम्ही अर्धा तास सरकत होतो. तिथे गरम मिरचीची भजी खाल्ली. नाना म्हणाले, "खाऊन घे. उद्या घाटात तुले कोन भजी देईल?" मी दुसरी प्लेट घेतली, ते चूक होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तेलकट खाऊ नका असं मीच मुलींना सांगत असते.

धुळ्याला केळी उतरवून शेवभाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी वाटी पुसून खाल्ली. रिकाम्या गाडीतून नाना मला पुढे पिंपळनेरला सोडणार होते आणि शर्यत झाल्यावर न्यायला येणार होते. साक्रीच्या पुढे रस्ता अरुंद होतो, पण बरा आहे. डोंगर जवळ येत जातात. आमच्याकडे सातपुडा उत्तरेला भिंतीसारखा दिसतो, इकडचे डोंगर सुटे सुटे, प्रत्येक वेगळ्या आकाराचा.

पिंपळनेरला राहायची सोय धर्मशाळेत होती. खोली साधी, पण स्वच्छ आणि बादलीभर गरम पाणी न मागता मिळालं. नोंदणीच्या पैशातच राहणं आणि जेवण होतं. जेवण आयोजकांपैकी एका कापड दुकानदारांच्या घरी. कुटुंब मूळचं राजस्थानातलं, जैन, त्यामुळे सगळं सूर्यास्ताच्या आत. आम्ही स्पर्धक गप्पा मारत रेंगाळलो, तेव्हा घरच्या काकी ओट्यावर येऊन म्हणाल्या, "बाई, दिवस मावळायच्या आत आटपा. नंतर मागाल तर आमच्याकडे फक्त आशीर्वाद शिल्लक असतो." मग सगळ्यांनी पटापट दाल-बाटीवर हात मारला. एक सांगते, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सहाला जेवून नऊला झोपण्यासारखं सुख नाही. सकाळी पोट इतकं हलकं होतं की भज्यांचाही राग आला नाही.

ही शर्यत खालून वर आहे. पहाटे आम्हाला आणि सायकलींना टेम्पोत घालून घाट उतरवून नवापूरजवळ नेलं. तिथून वीसएक किलोमीटर सपाट आणि थोडा चढउतार, मग चरणमाळ घाट, आणि वर आल्यावर पुन्हा पंधराएक किलोमीटर पिंपळनेरपर्यंत. सुटायची वेळ सात, आणि साडेदहाला रेषा बंद. त्यानंतर पोचणाऱ्याचं नाव यादीत येत नाही. पुरुष तीसेक होते, बायका आठ. त्यांत धुळ्याच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या आतबाहेर, केसांत पांढरं, सायकल पिसासारखी हलकी. माझी जुनी गिअरची सायकल त्यांच्या शेजारी उभी करताना मला उगाच माझं मडगार्ड पुसावंसं वाटलं.

शिट्टी वाजली आणि मी गेल्या वर्षीचीच चूक केली. हळू निघायचं ठरवलं होतं, पण सगळ्यांची पाठ दिसायला लागल्यावर पाय ऐकेनात. दहा किलोमीटर जीव तोडून सायकल मारली. तरी पाठी लहान होत गेल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. भाताची कापलेली शेतं, कौलारू घरं, दारात वाळत घातलेली नागलीची कणसं, हे सगळं बाजूने गेलं ते मला नंतर आठवलं. तेव्हा फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि पोटरीत ती ओळखीची, दोरी ओढल्यासारखी कळ.

घाटाच्या पायथ्याशी पाण्याचं टेबल होतं. तिथे पांढरी टोपी घातलेले एक आबा उभे होते. शेवटच्या स्पर्धकाच्या मागून येणारी ताडपत्रीची पिकअप त्यांचीच. मी पाय टेकला, पाणी घेतलं. आबा हात उडवून म्हणाले, "पोरी बठ्ठ्या गयात! तू एकलीच राहिनी!"

इथे माझ्या भाषेविषयी सांगायला हवं. रावेरकडची आमची बोली वेगळी आहे, आम्ही 'मले-तुले' वाले. अहिराणी मला कामापुरती कळते. जळगावला वसतिगृहात अमळनेरची एक मैत्रीण खाटेवर सरकून 'बठ व' म्हणायची, म्हणजे बस. एवढ्या भांडवलावर मला आबांचं वाक्य स्वच्छ कळलं. पोरी बसल्या, गेल्या, आता तू एकटीच राहिलीस. त्यात वरच्या वळणावर एक टेम्पो चढताना दिसला आणि त्याच्या मागच्या फळीवर तीन सायकलींची चाकं. म्हणजे खरंच. सातही जणी गाडीत बसल्या!

मला आधी वाईट वाटलं, हे प्रामाणिकपणे लिहिते. त्या धुळ्याच्या बाईंचं विशेष वाईट वाटलं. आणि मग अंगातलं काहीतरी सुटलं. आता कोणाला गाठायचं नव्हतं, बायकांत कोणी पुढे नव्हतंच. मी केळं खाल्लं, बाटली भरली, बुटाची नाडी बांधली, आणि सगळ्यात हलका गिअर टाकून बाजारात निघाल्यासारखी निघाले.

घाट सहाएक किलोमीटरचा असावा. सागाची झाडं, पानं वाळून रस्त्यावर पडलेली, चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. वळणावर चढ अंगावर येतो, तिथे रस्त्याच्या बाहेरच्या कडेने जायचं, आतल्या बाजूला चढ जास्त आहे. फक्त समोरून ट्रक येत नाही ना ते बघा, ट्रक बरेच असतात आणि त्यांना आपण दिसतोच असं नाही. सरपणाच्या मोळ्या घेऊन काही बायका उतरत होत्या. एकीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाई, एवढी चढते, तिकडे काय आहे?"

"पिंपळनेर."

"मग मोटारीत बसायचं ना!" सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना पोटरीकडे लक्ष गेलं. कळ थांबली होती.

तिसरं वळण आलं आणि गेलं. गेल्या वर्षी जिथे बसले होते तो कठडा मी ओळखला. मागून पिकअप गुरगुरत होती. आबांनी खिडकीतून डोकं काढलं. "बठस का व?"

"नाही, आबा!"

"मंग धीरे चाल. घाट काय पळी जास नई."

पुढची तीन वळणं मी चक्क भाषण तयार करत चढले. एकमेव महिला स्पर्धक म्हणून माईक देतील, तेव्हा मुलींच्या सायकलींविषयी काय बोलायचं, किती मिनिटं बोलायचं. इतर सात जणींचाही आदराने उल्लेख करायचा, असं ठरवलं. माथ्यावर पोचले तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. पंधरा किलोमीटर आणि चाळीस मिनिटं. आबा ओरडले, "आते मात्र पळ व!" ते मात्र बरोबर कळलं. वरचा रस्ता चढउताराचा, खड्डे चुकवत मी पळाले. पाय ताजे होते. गेल्या वर्षी इथपर्यंत पायच आले नव्हते.

रेषा ओलांडली तेव्हा साडेदहाला सहा मिनिटं होती. माझं नाव लिहिलं गेलं, ते मी वाकून दोनदा वाचलं. कोणी माईक दिला नाही. रेषेजवळच्या शाळेच्या पायरीवर सातही जणी पोहे खात बसल्या होत्या. मी सरळ धुळ्याच्या बाईंकडे गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, ताई. पुढच्या वर्षी नक्की जमेल. माझंही गेल्या वर्षी असंच झालं होतं."

त्यांनी तोंडातला घास गिळला. "काय जमेल?"

तेव्हा मला त्यांच्या मांडीवरचा चषक दिसला. पहिला क्रमांक.

तेवढ्यात आबा पिकअप लावून आले. मी त्यांना विचारलं, "आबा, तुम्हीच म्हणालात ना, पोरी बसल्या म्हणून?"

"मी कव्हय म्हनं? मी म्हनं, बठ्ठ्या गयात. बठ्ठ्या म्हंजे सगळ्या! बसल्या राहत्यात तर बठन्यात म्हनतू ना मी." मग त्यांना माझ्या डोक्यात काय झालं ते उमगलं आणि ते टोपी काढून हसायला लागले. टेम्पोतल्या त्या तीन सायकली पुरुषांच्या होत्या. धुळ्याच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाठीवर हात मारून म्हणाल्या, "अगं, पहिली आले तरी कोणी मला एवढ्या मायेने धीर दिला नव्हता." आपल्या ताटलीतली जिलबी त्यांनी मला दिली.

परतीच्या रस्त्यात मी नानांना सगळं सांगितलं. कुसुंब्यापर्यंत ते हसत होते, मग गंभीर होऊन म्हणाले, "म्हंजे शेवटी आली." मी म्हटलं हो. लाज वाटायला हवी होती, ती शोधत होते, आणि सापडत नव्हती. पुढे सात जणी आहेत हे कळलं असतं तर मी तिसऱ्या वळणावर पुन्हा बसले असते, याची मला खात्री आहे. पाय तेच होते. मी आता सकाळी मुलींना घड्याळ लावून पळवत नाही, हा एक फरक पडला.

घरी आईने कोणाला काही विचारू दिलं नाही. गल्लीभर सांगून आली, "पोरगी आठवी आली!" किती जणींत, ते ती सांगत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मुली सायकली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे मंगलाकाकू, कमरेवर हात ठेवून. मी आपणहून सांगितलं, "काकू, आठच होतो. मी शेवटची."

"गाडीत बसली का?"

"नाही."

"पाय टेकून सायकल लोटली?"

"पाण्यापाशी थांबले. घाटात नाही."

मुली पाल गावापर्यंत जायचं म्हणून गेले कित्येक दिवस मागे लागल्या होत्या. पाल सातपुड्यात आहे, रस्ता चढाचा, आणि काकूंचाच नकार सगळ्यात पक्का होता. त्यांनी लेकीच्या सायकलचं हँडल धरून जरा हलवलं, ब्रेक दाबून बघितला.

"पालले नेशीन तं ने," त्या म्हणाल्या. "पन तू सगळ्याईच्या मांगं राहाजो. पुढं पळनारीच्या भरवशावर मी पोरगी धाडनार नाही."