माझ्या गुडघ्यानं ऐकलं

"यांना हेडफोन नको देऊस. पटका बघ केवढा मळलाय. परत दुसऱ्यांच्या कानाला लावायचाय हेडफोन."

हे माझ्या समोर, मी दारात उभा असताना बोललं गेलं. बोलणारी ताई मशीनजवळ बसलेल्या दुसरीला सांगत होती. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. पटका मी आदल्या दिवशी स्वतः धुतला होता. शिरूर कासारहून बीडला एसटीनं येईस्तोवर धुळीनं मातकट झाला, त्याला मी काय करणार? कडेवर माझी नात होती, कोमल. तीन वर्षांची.

मग ताई माझ्याकडं वळली. "बाबा, खुर्चीवर बसा. मुलीला मांडीवर घ्या. बोलायचं नाही, काही करायचं नाही. तुमचं इथं काही काम नाही."

आमच्या आधी बीडमधल्याच एका दुकानदाराची सून पोराला घेऊन आत गेली होती. दार उघडं होतं तेव्हा मी बघितलं, तिच्या कानाला तो हेडफोन लावला होता. मला वाटलं, शहरातल्या बायांना कंटाळा येऊ नये म्हणून गाणी ऐकवत असतील. आपल्याला कावून ऐकवतील?

मी कोमलला मांडीवर घेऊन बसलो. माझं तिथं काय काम होतं, ते मला आणि त्यांना फार उशिरा कळलं.

आता आधीचं सांगतो.

आम्ही ऊसतोड करणारी माणसं. पाठ जाईपर्यंत मीही कोयताच चालवला. कोमल रांगत होती त्या हंगामात आम्ही माजलगावच्या बाजूला होतो. उसाच्या फडाच्या कडेला चवाळं अंथरून त्यावर तिला बसवलं होतं. ट्रॉली लावायला ट्रॅक्टर मागं येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. सगळे बाजूला झाले. कोमल उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, हातात घेऊन खेळत बसली. ट्रॅक्टरकडं तिची पाठ होती. मी धावलो, दंडाला धरून तिला ओढली. चाक नजरेला पडलं तेव्हा कुठं ती रडली.

त्या दिवशी मला कळलं. घरात कुणाजवळ बोललो नाही. पोरीच्या नावाला एकदा 'मुकी' चिकटलं की निघत नाही.

पण तेव्हापासून ती मांडीवर असली आणि कुठं आवाज झाला, की माझा गुडघा हलायचा. कुत्रं भुंकलं, मोटरसायकल आली, कुणी हाक मारली, की ज्या बाजूला आवाज त्या बाजूचा गुडघा वर. कोमल लगेच तिकडं वळायची. सून हसायची. म्हणायची, "मामा, तुमच्या गुडघ्याला कान हायत जनू."

दोन वर्षांनी हंगामाला लेक आणि सून दोघंच गेले. मी आणि कोमल मागं राहिलो. तेव्हा ही संशोधनवाली माणसं गावात आली. लहान मुलं कशी ऐकतात, बोलायला कशी शिकतात, याचा अभ्यास. मुलाला घेऊन येणाऱ्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि वर मोबदला. त्यांच्या भाषेत आम्ही स्वयंसेवक. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "जावा की बाबा. कानाची तपासणी फुकटात हुईल." मी पैशासाठीही गेलो, खोटं कशाला बोलू. पण पोरीचं खरं काय ते कळावं म्हणूनही गेलो.

खोलीत दोन बाजूंना दोन भोंगे. शेजारी काळ्या काचेची खोकी. भोंग्यातून आवाज यायचा. मूल त्या बाजूला वळलं की खोक्यात दिवा लागायचा आणि आतलं माकड ढोल वाजवायचं.

पहिला आवाज उजवीकडून आला. माझा उजवा गुडघा हलला. कोमल वळली. माकड नाचलं. कोमल खिदळली.

तो गुडघा आपोआप हलला. देवाशपथ सांगतो.

पुढच्या सगळ्या वेळी मी मुद्दाम हलवला.

कावून? त्या पटक्यासाठी. माझ्या पोरीला घाणेरड्या म्हाताऱ्याची पोर म्हणून आत घेतलं होतं. दाखवायचं होतं त्यांना. बारीकातला बारीक आवाज मी कान देऊन ऐकला आणि तिला गुडघ्यानं सांगितला. खिडकीच्या काचेपलीकडं बसलेली ताई खूश. बाहेर आल्यावर म्हणाली, "नात तुमची एकदम हुशार हो बाबा. कान उत्तम आहेत."

माझी छाती फुगली. मिळालेल्या पैशातून कोमलला चालताना वाजणारे बूट घेतले. एसटीत सगळे तिच्या पायाकडं बघत होते, तिच्याशी हसत होते. ती बुटातल्या लाल दिव्याकडं बघत होती. आवाजाचं तिला काहीच नव्हतं. तेव्हाच मला उलट्या पावली बीडला जायला पाहिजे होतं. नाही गेलो.

पुढं तालुक्याला कानाच्या यंत्राचं शिबिर लागलं. सून तोवर फडावरून परत आली होती. पोरगी अजून एक शब्द बोलत नव्हती, ते तिला डाचत होतं, म्हणून आम्ही दोघं कोमलला घेऊन गेलो. तिथल्या माणसानं बीडचा अहवाल बघितला आणि म्हणाला, "हिचे कान चांगले आहेत. यंत्र कानासाठी असतं, डोक्यासाठी नसतं."

रांगेतले हसले. सून खाली मान घालून बाहेर आली. विचारलं, "मामा, बीडला काय झालं व्हतं?"

मी म्हणालो, "तपासलं की त्यांनी. चांगलं हाय म्हणले."

त्या दिवसापासून कोमल अंगणवाडीत मागं बसायला लागली. मतिमंद, असं पोरंच म्हणायला लागली. लहानपणाची ही वर्षं गेली तर यंत्र मिळूनही बोलणं अवघड होतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. आणि ती वर्षं माझ्या तोंडाला कुलूप होतं म्हणून जात होती.

मग त्या लोकांनी बीडला पालकांची आणि अंगणवाडीवाल्यांची सभा ठेवली. मला बोलावणं आलं. अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर मॅडम मंचावर होत्या. पडद्यावर चित्रफीत लागली. माझी कोमल. माझ्या मांडीवर. माझं डोकं वरून कापलेलं, पण धोतर माझंच, हात माझेच.

मॅडम म्हणाल्या, "बघा, या मुलीला सगळं ऐकू येतं. तरी ती एक शब्द बोलत नाही. का? कारण घरात तिच्याशी कुणी बोलतच नाही. ऊसतोड कुटुंबांत मुलांशी बोलण्याची पद्धतच नाही. जनावरं सांभाळावी तशी मुलं सांभाळतात."

सभा हसली. पडद्यावर कोमल माकडाकडं बघून हसत होती, त्यामुळं ती पण आपल्यालाच हसतेय असं वाटलं.

मी उठलो. 

"मॅडम, फिलीम मागं घ्या. पोरीकडं बघू नगा. माझ्या गुडघ्याकडं बघा."

कुणीतरी मागून ओरडलं, "ए बाबा, बस की बे खाली!"

"न्हाई बसनार. फिलीम मागं घ्या."

त्यांनी मागं घेतली. आवाज. गुडघा. पोरगी. माकड. परत आवाज, परत गुडघा. 

मॅडम त्या ताईकडं वळल्या. "मांडीवर घेणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावायचा असतो ना? त्याला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून? इथं का नाही लावला?"

ताईच्या आधी मी बोललो.

"माझा पटका मळका व्हता म्हनून. तुमचं यंत्र बाटलं असतं. आन् मॅडम, आमी पोरीशी लई बोलतो. तिला ऐकू येत न्हाई म्हनून गुडघ्यानं बोलतो. मी तुमाला फसवलं. पन मला फसवता आलं ते तुमच्या घाणीमुळं, माझ्या न्हाई."

सभा संपल्यावर मॅडम बाहेर आल्या. हात जोडले. म्हणाल्या, "बाबा, झालं ते झालं. परत तपासू, अहवाल बदलू. दोघांचीही चूक आहे, बाहेर वाच्यता नको. या वेळचा मोबदलाही देऊ."

"तपासा. मोबदला नगं. वाच्यता मी करनार."

परत त्याच खोलीत बसलो. त्याच ताईनं हेडफोन आणला. पटका मी काढला नाही, कानावरून वर सरकवला. तिनं स्वतःच्या हातानं माझ्या कानाला लावला. आत नुसता घों घों आवाज. गाणी नव्हतीच. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

कोमल मांडीवर बसून खोक्याकडं बघत राहिली. काच काळीच राहिली. माकडानं ढोल काही वाजवला नाही. थोड्या वेळानं तिनं वळून माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. ऊठ, सांग, म्हणून. मी हललो नाही. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही मी.

घरी सुनेला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिचा हक्क आहे.

नव्या अहवालावर शिबिरवाल्यांनी यंत्रासाठी नाव घेतलंय. येईल तेव्हा येईल, मी दर आठवड्याला जाऊन त्यांच्या दारात बसतो. पण त्या अभ्यासात जुनी तपासणी नुसती 'त्रुटी' म्हणून खोडलीय, असं मला कळलं. ते मला मान्य नाही. लिहा, म्हाताऱ्यानं गुडघा हलवून फसवलं. माझं नाव घाला. आणि त्याच ओळीत लिहा, म्हाताऱ्याला हेडफोन का दिला नव्हता. दोन्ही लिहीपर्यंत कोमलची ती चित्रफीत कुठल्याही सभेत लागणार नाही. लागली, तर तिथं मी उभा राहीन.

आणि आमच्या भागातून जो कोणी पोर घेऊन त्या खोलीत जाईल, त्याच्यासोबत मी जाणार आहे. हाच पटका बांधून. आधी त्याच्या कानाला हेडफोन लागेल. नाही लागला, तर पोराला घेऊन आम्ही उठू.