गरौठ्याच्या रस्त्याखालची जाळी

भाऊजी गेले त्याच्या आदल्या दिवशी इस्पितळात त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, ताईला सांभाळ म्हणतील... म्हणाले, "पाऊस संपला की मोजमाप चुकवू नकोस. यंदा जाळीला वीस वर्षं होतात." उशाशी बसलेल्या ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

भाऊजी रस्त्यांचे इंजिनिअर. बदली होऊन झाशीत आले आणि प्रेम नगरात कायमचे राहिले. गरौठ्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता पापडासारखा वाकडा होतो. तिथल्या एका तुकड्यात त्यांनी गिट्टीखाली प्लास्टिकची जाळी अंथरली. शेजारचा तुकडा मुद्दाम बिनजाळीचा ठेवला. "साहब, सड़क को मच्छरदानी काहे ओढ़ा रहे हो?" मुकादम हसला. भाऊजींचं म्हणणं एकच, पहिल्या वर्षी सगळेच रस्ते गुणी असतात, वीस वर्षांनी बोला. मग दरवर्षी पावसाळा सरला की आम्ही दोघं निघायचो. चाकोरीवर आडवी पट्टी ठेवायची आणि पट्टीखाली आकडे आखलेली पाचर सरकवून रस्ता किती दबला ते वहीत टिपायचं. निवृत्तीनंतरही हे चुकलं नाही. मी तिथल्याच बँकेतला कारकून, पण कुठलाही रस्ता वाकून बघायची खोड मलाही लागली.

एका वर्षी जाळीच्याच तुकड्यात एक जागा खचली. परवानगी काढून खणलं तर जाळी सैल, सुरकुतलेली. ती अंथरली त्या दुपारी भाऊजी माझ्या साखरपुड्याला आले होते, आणि मजुरांनी ताण न देताच गिट्टी टाकली होती. मी म्हटलं, "एवढी जागा वगळा ना." "का? तुझा साखरपुडा झालाच नव्हता का?" म्हणत त्यांनी वहीत लिहिलं, चूक माझी, जागेवर नव्हतो. मग चार पावलांवर दुसरा खड्डा घेतला. तिथं जाळीच्या घरांत गिट्टी अशी बसली होती की हातानं एक खडा निघेना. साठी उलटलेले भाऊजी खड्ड्यात उतरून मला ओढत होते, "अरे, हात घालून तर बघ!" इतके खूश ते माझ्या साखरपुड्यातही नव्हते.

यंदा पाऊस उघडल्यावर ताईच म्हणाली, चल. त्या रस्त्याला वीस वर्षं सवत म्हणणारी माझी ताई चष्मा सावरत रस्त्यावर बसली. एक ट्रॅक्टरवाला थांबला. "बाबूजी नईं आए?"

"अबकी हम आए हैं, भैया."

बिनजाळीच्या तुकड्यात पाचर पट्टीखाली सरळ आत गेली. जाळीच्या तुकड्यात टोकाशीच अडली. ताईनं दोनदा वाचलं. "मागच्या वर्षीएवढंच आहे रे... वाढलंच नाही." मला इतका आनंद झाला की मी फोन काढून नंबर लावलासुद्धा. ताईच्या पिशवीत भाऊजींचा फोन वाजू लागला. तिनं तो काढला, कानाला लावला आणि म्हणाली, "बोल."