अधांतरी बोट

सुमनताईंचं बोट कळफलकावर अधांतरी थांबायचं आणि अक्षर सापडलं की हळूच टेकायचं. ऑनलाइन ज्ञानकोशात कसं लिहायचं, हे मी वाचनालयात नवख्यांना शिकवत होतो. सुमनताईंचा जन्म टोपल्या विणण्यात गेलेला. ओला बांबू कसा चिरायचा, रोवळी कशी वळायची, यावर दुपारभर खपून त्यांनी आठ ओळी लिहिल्या.

"आता हे कुणालाही वाचता येईल?"

"जगात कुणालाही, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी नेहमीसारखी कोशातली बिनसंदर्भाची, म्हणजे पुस्तकाचा आधार न दिलेली नवी पानं उडवत बसलो. हे काम करताना आम्ही कोशाचे राखणदार लिहिणाऱ्याचं नाव बघत नाही. त्यात त्यांचंही पान गेलं.

दुपारी फोन आला. "सर, माझं काय चुकलं? पुस्तकाचं नाव द्या म्हणतायत. आमच्या हातातलं हे, पुस्तकात कुठनं असणार?"

मी माफी मागितली, पान परत ठेवलं. "असू द्या हो," त्या म्हणाल्या. पुन्हा वर्गाला आल्या नाहीत.

नियम खोटा नाही. तो नसता तर कोशात नुसत्या जाहिराती उरल्या असत्या. पण मराठीत लिहायला माणसं मिळत नाहीत म्हणून मीच गावोगाव गळा काढत फिरतो, आणि आलेल्या माणसाला मीच दार दाखवतो.

हल्ली नव्या पानांची यादी उघडली की पान उडवायच्या बटणावर माझंही बोट अधांतरी थांबतं. समोरचं पान कुणाच्या दुपारभराचं असेल? कळायला मार्ग नसतो. खाली आणखी पानं थांबलेली असतात.

मग बोट टेकतं.