व्हॉल्व्ह अडकला असेल

पेट्रोलचा वास आला की मला लातूरचा सोयाबीन तेलाचा कारखाना आठवतो, कारण तेल काढायच्या द्रावकाचा तसाच वास तिथं भरून असायचा. कोणत्या धोक्याला कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, कोणता बंद करायचा हे तक्त्यात भरलं, की त्यावरून सुरक्षा यंत्रणेचं लॉजिक आपोआप तयार करणारा प्रोग्राम मी तिथं बसवला होता. मुदखेडकडचे एक जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, एकेक व्हॉल्व्ह चालवून बघू की. मशीनचा काय भरोसा?" "काका, मशीन चुकत नाही," मी हसून म्हणालो. पण तक्ता मी भरला होता आणि एका ओळीत 'बंद'ऐवजी 'उघडा' लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी टाकीतला दाब वाढला, तेव्हा टाकी तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद होण्याऐवजी पूर्ण उघडला. काकांनी धावत जाऊन चाक फिरवून वाफ बंद केली. कारखाना वाचला, पण त्यांचे दोन्ही हात भाजले. चौकशीत मी "व्हॉल्व्ह अडकला असेल" म्हणालो आणि ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. दवाखान्यात काका खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, ग्रीस लावायचं माझ्याकडूनच राहून गेलं असंल." मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, ते माझ्या मुलांची चौकशी करतात, आणि मी अजून चौकशीतलं ते वाक्य परत घेतलेलं नाही.